झाकण!

नानांना आइसबॉक्स घ्यायचा आहे, ही बातमी आमच्या सोसायटीत पसरली तेव्हा तो प्रत्यक्ष घरात यायला अजून दोन उन्हाळे जायचे होते. नाना कुठलीच वस्तू नुसती आणत नाहीत. आधी तिचा विषय निघतो, विषयाची फाइल होते, फाइल पुरेशी जाड झाली की मग वस्तू येते. आणि तोवर घरातल्यांना तिच्यावाचून राहायची इतकी सवय झालेली असते की आल्यावर तिचं काय करायचं ते कोणाला सुचत नाही. मिक्सरचं असंच झालं. तो आला तोवर वहिनींचा हात पाट्यावर असा काही बसला होता की मिक्सर अजून खोक्यात आहे. नाना अधूनमधून खोकं उघडून वॉरंटी कार्ड जागेवर आहे ना, तेवढं बघून घेतात.

नोकरीत ते हिशेब तपासनीस होते. उभी हयात दुसऱ्यांच्या वह्यांतली गळती शोधण्यात गेली. निवृत्त झाले, वह्या संपल्या, खोड राहिली. गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक रात्री दोन वाजता ठिबकतो, हे आम्हाला नानांमुळे कळलं. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर विनाकारण थांबते त्यात महिन्याला किती वीज जाते, तेही त्यांनी नोटीस बोर्डावर लावलं होतं. (दुसऱ्या मजल्यावरच्यांनी ते काढलं.) अशा माणसासमोर एकदा बर्फ आला.

मे संपत आला आणि वळवाचे एक-दोन शिडकावे होऊन गेले की भंडारदऱ्याच्या आसपास काजवे चमकायला लागतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, झाडंच्या झाडं एका तालात उजळतात आणि विझतात. त्या दिवसांत पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग शेंडी गावाकडे लागते. आमच्या सोसायटीतलीही एक टोळी दरवर्षी जाते आणि जलाशयाच्या काठी तंबू ठोकते. तोवरची आमची शीतव्यवस्था अशी होती: निघताना कोपऱ्यावरच्या बर्फवाल्याकडून लादीचा एक तुकडा घ्यायचा, तो गोणपाटात गुंडाळून प्लास्टिकच्या टबात ठेवायचा, वर लोणी, पनीर, ताक, कोकम सरबत आणि ज्यांच्याबद्दल चारचौघांत बोलायचं नसतं अशा काही बाटल्या रचायच्या, आणि टब डिकीत ढकलायचा. नाना पहिल्यांदा आमच्याबरोबर आले त्या साली, नारायणगावला चहाला थांबलो असताना त्यांनी सहज डिकी उघडली. गोणपाट होतं, पाणी होतं, पाण्यावर लोणी तरंगत होतं. बर्फ नव्हता.

"निघताना किती होता?" नानांनी विचारलं.

"असेल दहा-बारा किलो."

"पावती?"

बर्फाची पावती घेणारा माणूस आमच्यात कोणी नव्हता. नाना गप्प झाले. आळेफाटा गेलं, राजूर गेलं, ते आपले खिडकीबाहेर बघत बसलेले. शेंडीला उतरल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पंचाहत्तर किलोमीटरमध्ये दहा किलोची अफरातफर. आणि एकालाही त्याचं काही वाटत नाही!"

फाइल त्या रात्री उघडली असावी.

तिची सुरुवात इतिहासापासून झाली, कारण मागची शिल्लक कळल्याशिवाय चालू सालचा हिशेब लागत नाही, असं नानांचं मत. १८३३ साली बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने 'टस्कनी' जहाजात १८० टन बर्फ भरून कलकत्त्याला धाडला. बर्फ तिकडच्या गोठलेल्या तळ्यांवरून कापलेला, आणि भोवती फळ्यांचं अस्तर आणि गवताचा भराव, एवढाच काय तो बंदोबस्त. जहाज चार महिन्यांनी पोचलं तेव्हा शंभरेक टन शिल्लक होता.

"विषुववृत्त दोनदा ओलांडलं," नाना दोन बोटं नाचवत सांगतात. "दोनदा! तरी घट चव्वेचाळीस टक्के. आणि तुमची? पुणे ते नारायणगाव, शंभर टक्के!"

पुढच्या साली मुंबईत जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली, अशी एक गोष्ट सांगतात. तीही नानांच्या फाइलमध्ये आहे, पण 'किरकोळ' ह्या सदराखाली.

इतिहासानंतर विज्ञान. हे नाना मला जिन्यात सांगत. हातात दुधाची पिशवी असली तरी सांगत. एक किलो बर्फ वितळायला जितकी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत एक किलो पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापतं. म्हणजे बर्फ ही चांगली भक्कम मुद्दल आहे, ती उगाच उडत नाही. कोणीतरी ती खातं. खाणारे तीन: भिंत, झाकण आणि माणूस. पैकी भिंतीचं खाणं मोजता येतं. साधारण पन्नास लिटरची पेटी घ्या, भिंतीत चार सेंटिमीटर पॉलियुरेथेन फोम, बाहेर तीस अंश, आत शून्य. दिवसाला सुमारे साडेचार किलो बर्फ नुसत्या भिंतींच्या खाती जातो. फोम निम्म्याने पातळ केलात तर नऊ किलो. "हा स्थिर खर्च," नाना म्हणत. "तुम्ही सरबत प्या, नका पिऊ, हा लागणारच. आस्थापनेवरचा खर्च." मग थोडं जवळ येऊन, आवाज खाली आणून, "पण खरी लूट बाटल्यांत आहे. खोलीतल्या तापमानाचं बारा लिटर पाणी तुम्ही पेटीत आणून टाकलंत ना, तर ते गार करण्यात जवळजवळ चार किलो बर्फ एका फटक्यात संपतो. एक दिवसाचा पगार! म्हणून बाटल्या आदल्या रात्रीपासून फ्रिजमध्ये पाहिजेत. कोमट बाटली आत टाकणं हा फौजदारी गुन्हा आहे."

मी मान डोलावली. दूध तोवर कोमट झालं होतं.

ही आकडेमोड खोटी नाही, हे मुद्दाम सांगतो. नानांचा सल्ला बहुतेक वेळा बरोबर असतो, हीच त्यांची अडचण आहे. चुकीचा असता तर आम्ही तो हसून सोडून दिला असता.

त्यानंतर दुकानांचं पर्व. रविवार पेठेत बोहरी आळी म्हणून जो भाग आहे, तिथे लग्नकार्याची पातेली, झारे, पाण्याचे जार, प्लास्टिकची पिंपं ह्यांची दुकानं एकाला एक लागून आहेत. आइसबॉक्सही तिथेच मिळतात, कारण आपल्याकडे त्यांचं खरं गिऱ्हाईक सहलीला जाणारा माणूस नसून केटरर असतो. नाना मला साक्षीदार म्हणून घेऊन गेले. पहिल्या दुकानात त्यांनी एका देखण्या निळ्या पेटीच्या झाकणावर टिचकी मारली आणि कान लावला.

"पोकळ," ते म्हणाले.

दुकानदार म्हणाला, "काका, नवीन माल आहे."

"माल नवीन आहे, झाकण पोकळ आहे. भिंतीत फोम भरलाय आणि झाकणात नुसती हवा. वरून ऊन लागणार कोणाला? झाकणाला. आणि तिथेच तुम्ही हात आखडता घेतलात?"

हे मात्र आपल्यासारख्यांनीही लक्षात ठेवण्यासारखं आहे. स्वस्तातल्या पुष्कळ पेट्यांत झाकण पोकळ असतं, आणि गिऱ्हाईक बघतं चाकं, कप ठेवायचे खळगे आणि रंग.

दुसऱ्या दुकानात कागदाची परीक्षा झाली. खिशातून पीएमटीचं एक जुनं तिकीट काढून नानांनी ते पेटीच्या काठावर ठेवलं, झाकण लावलं आणि तिकीट ओढलं. सुळकन बाहेर आलं. चारही बाजूंनी आलं. नानांनी दुकानदाराकडे फक्त पाहिलं. तिसऱ्या दुकानात तिकीट अडकलं, फाटलंच. नाना इतके खूश झाले की त्यांनी पुढची परीक्षा काढली. मोबाइलचा टॉर्च लावून मोबाइल पेटीत ठेवला, झाकण बंद केलं आणि मालकाला म्हणाले, "दोन मिनिटं लाइट घालवा."

"काका, गिऱ्हाईक आहे."

"मीच गिऱ्हाईक आहे. प्रकाश जिथून बाहेर येतो तिथून गारवा जातो."

मालकाने काय वाटून घेतलं कोण जाणे, पण त्याने खरोखर दिवे घालवले. काळोखात आम्ही दोघं, मालक, दोन नोकर आणि पातेली खरेदी करायला आलेलं एक कुटुंब असे सगळे त्या पेटीकडे टक लावून उभे राहिलो. उजेड कुठूनही दिसला नाही. तेवढ्यात पेटीत फोन वाजायला लागला. अगदी खोल, विहिरीतून आल्यासारखा.

"वहिनींचा असेल," मी म्हटलं. "काढा बाहेर."

"थांबा," नाना अंधारात म्हणाले. "आवाजसुद्धा किती कमी येतोय ऐका."

ती पेटी त्यांनी घेतली नाही. कारण दुकानदाराने सांगितलेले लिटर आणि पाणी ओतून निघालेले लिटर जुळेनात. फरक दीड लिटरचा होता. नानांच्या दृष्टीने तो फरक नव्हता, ते चारित्र्य होतं.

मध्यंतरी फाइल अमेरिकेला गेली. नानांच्या बहिणीचा मुलगा टेक्सासमधल्या ऑस्टिनला असतो, आणि ह्या विषयातली काशी नेमकी तिथेच निघाली. रॉय आणि रायन सीडर्स ह्या मासेमारीच्या नादी भावांनी २००६ साली तिथे 'येटी' नावाची कंपनी काढली. बोटीत पेटीवर उभं राहून गळ टाकताना साध्या पेट्यांची झाकणं खचायची, म्हणून ह्यांनी माणूस उभा राहिला तरी न वाकणारी पेटी केली. प्लास्टिकची पूड साच्यात भरायची, साचा भट्टीत गोल गोल फिरवत तापवायचा आणि एकसंध, बिनजोडाचं कवच काढायचं. त्यात जाड फोम. भाच्याने फोटो पाठवले. नानांनी दोन दिवस चष्मा काढला नाही.

"नानामामा, पण किंमत तीनशे डॉलरच्या आसपास आहे."

"लिटर किती?"

"नाव पंचेचाळीस आहे, पण ते लिटर नाहीत. आत पस्तीसेक बसतात."

फोनवर थोडा वेळ शांतता. मग, "म्हणजे तिथेही हेच."

तरी नाना वाहवत गेले, त्याला कारण अस्वल. अमेरिकेत ग्रिझली अस्वलांसाठी सरकारी खात्यांची मिळून एक समिती आहे, आणि ती पेट्यांना अस्वलरोधक म्हणून प्रमाणपत्र देते. मोंटाना राज्यात वेस्ट यलोस्टोनला बंदिस्त ठेवलेल्या खऱ्या अस्वलांसमोर खाण्याने भरलेली पेटी टाकतात. अस्वलं तिला चावतात, ओरबाडतात, वर उड्या मारतात. तासभर टिकली तर पास. एवढं कडक ऑडिट नानांनी जन्मात पाहिलं नव्हतं. परीक्षकाला आत काय आहे ते माहीत, भूक लागलेली, आणि लाच घेण्याचा प्रश्नच नाही!

वहिनी भाजी निवडत होत्या. "भंडारदऱ्याला अस्वलं कुठून येणार? सोसायटीच्या पोरांपुढे तासभर टिकेल असा बघा."

शिवाय ती पेटी रिकामीच दहा किलोच्या वर भरते. भाचा दिवाळीत यायचा होता आणि एका बॅगेला तेवीस किलोची मर्यादा. निम्मं वजन नुसत्या पोकळीचं आणायचं हे नानांच्या जिवावर आलं, आणि अमेरिकेचं प्रकरण बंद झालं.

मला विचाराल तर ह्या सगळ्या शोधात नानांना खरा गुरू भेटला तो गणेश पेठेतल्या मासळी बाजारात. नाना मासे खात नाहीत. नाकाला रुमाल लावून, हातात वही घेऊन ते एका मावशींच्या पुढ्यात उभे राहिले. मुंबईच्या बंदरावरून रात्री निघालेली पापलेटं आणि सुरमई पुण्यात सकाळी कडक गार कशी पोचतात, हा त्यांचा प्रश्न. मावशींसमोर थर्माकोलची पांढरी पेटी होती, कडांना खाकी चिकटपट्टी, एका कोपऱ्याचा तुकडा उडालेला.

"ह्याचं झाकण घट्ट बसतं का?" नानांनी विचारलं.

"वर दगड ठेवायचा."

नानांनी लिहून घेतलं.

"बर्फ तळाला घालता की वर?"

"थरावर थर. खाली बर्फ, मग म्हावरं, मग बर्फ. मोकळी जागा ठेवायची नाय, हवा बसते. लवकर गार करायचा तर कुटलेला घालायचा, टिकवायचा तर मोठा खडा." मावशींनी हे सगळं एका सुरमईचे तुकडे करता करता सांगितलं. नानांच्या फाइलची जवळजवळ चाळीस पानं त्या चार वाक्यांत बसत होती, आणि ते त्यांच्याही लक्षात आलेलं दिसलं, कारण त्यांनी नाकावरचा रुमाल काढला.

"आणि मावशी, दिवसातून झाकण किती वेळा उघडता?"

"गिऱ्हाईक येईल तितक्यांदा."

नानांचा चेहरा उतरला. येताना रिक्षात बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ज्ञान आहे. शिस्त नाही."

पेटी शेवटी आली. पन्नास लिटरची, देशी, लाल, भिंतीत फोम आणि झाकणातही फोम, चाकं नाहीत, खालच्या अंगाला पाणी काढायचं बूच. केटररला विकतात तीच. ती आली त्या दिवशी वहिनींनी तिला हळदीकुंकू लावलं आणि नानांनी तिकीट लावून बघितलं. अडकलं.

आता उरला बर्फ. बर्फवाल्यावर नानांचा विश्वास उडालेला, आणि सुटे तुकडे तर त्यांना अजिबात चालत नाहीत. तुकड्यांना बाहेरून पृष्ठभाग जास्त, ते भराभर वितळतात. हवेत मोठे ठोकळे. नानांनी सोसायटीभर किलोकिलोचे श्रीखंडाचे रिकामे डबे वाटले. प्रत्येकाने आपापल्या फ्रीझरमध्ये दोन डबे पाणी गोठवून द्यायचं. डब्यावर मार्करने फ्लॅट नंबर. आमच्याकडे मटार काढून जागा करावी लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी चुकून खरंच श्रीखंड असलेला डबा गोठवून दिला, तो ठोकळा म्हणून जमेला धरला गेला आणि पुढे काय झालं ते येईलच. सोसायटीतल्या आजोबांपैकी कोणीतरी सुचवलं की आइस्क्रीमच्या जुन्या पॉटात घालतात तसं खडे मीठ घाला, जास्त गार होईल. नानांनी त्यांना नम्रपणे बसवलं. मिठाने बर्फ शून्याच्या खाली जातो खरा, पण वितळतोही लवकर. "पॉटाला अर्ध्या तासात आइस्क्रीम हवंय, मला तीन दिवस काढायचेत. ही उधळपट्टी आहे."

आदल्या रात्री पेटीत थोडा बर्फ नुसता बसवून ठेवला, पेटी आतून गार व्हावी म्हणून. सकाळी तो फेकून खरा बर्फ भरला. ह्याला नाना 'प्रारंभिक खर्च' म्हणतात.

सहलीत पेटी मागच्या सीटवर, एसीच्या झोतात बसली. डिकीतल्या उन्हात नाना तिला ठेवू देईनात. त्यामुळे पहिल्या मजल्यावरचा इंजिनिअर, जो आमच्यात सर्वांत उंच, तो तंबूच्या काठ्यांशेजारी पाय पोटाशी घेऊन शेंडीपर्यंत गेला. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा चिकटवलेला होता: कुठल्या थरात काय, आणि कुठल्या दिवशी कुठल्या वेळी निघेल. नकाशा आत असल्यामुळे तो वाचायला झाकण उघडावं लागायचं. हे कोणीतरी नानांच्या ध्यानात आणून दिलं, तेव्हा त्यांनी खिशातून दुय्यम प्रत काढली.

तळ्याकाठी पेटी एका करवंदीच्या जाळीच्या सावलीत, दगडांवर, ओल्या पंच्याखाली ठेवली गेली. नियम जाहीर झाले. झाकण सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा असं दोनदा उघडेल. मागणी आधी नोंदवायची. उघडल्यावर विचार करत उभं राहायचं नाही. गार हवा जड असते, ती खालीच बसून राहते, पण हात फिरवत बसलात तर ती तुमच्यासाठी थांबणार नाही. आणि कोणी झाकणाला हात लावला रे लावला की कुठूनही, तंबूतून, झाडामागून, एकदा तर अर्ध्या आंघोळीतून, नानांची आरोळी यायची: "झाकण!"

दुपारी अडीच वाजता ऊन असं होतं की तळ्याचं पाणी डोळ्यांत खुपत होतं. पेटीत कोकम सरबत होतं, ताक होतं, ठोकळे खडखडीत होते. पोरं शेंडीच्या टपरीवर जाऊन थंड पाण्याच्या बाटल्या विकत घेऊन आली. त्यांतल्या उरलेल्या त्यांनी भाबडेपणाने पेटीत ठेवायला आणल्या. नानांनी बाटलीला हाताची पालथी बाजू लावली आणि त्या परत पाठवल्या. चारचौघांत न बोलायच्या बाटल्यांचाही अर्ज आला होता. तो 'कोमट' असा शेरा मारून फेटाळला गेला. ती मंडळी रात्री तळ्याच्या पाण्यात पाय आणि बाटल्या दोन्ही सोडून बसली होती, आणि तक्रार करताना दिसली नाहीत.

दुसऱ्या सकाळी बुचावरून भांडण झालं. तळाला पाणी साठलं होतं. इंजिनिअर म्हणे ते काढून टाका. नाना म्हणे शून्य अंशाचं पाणी बाटल्यांना सगळीकडून चिकटतं, ते फेकणं म्हणजे व्याज फेकणं, आणि पाणी काढलं की त्या जागी गरम हवा शिरणार. तासभर दोन पक्ष पडले. दोघांचंही थोडंथोडं खरं आहे: बाटल्या असतील तर पाणी राहू द्यावं, पनीर बुडायला लागलं तर काढावं. पण हे सांगायला मध्ये पडलं असतं तर दोघेही माझ्यावर आले असते. वहिनींनी पनीर वरच्या थरात ठेवलं आणि विषय मिटवला. झाकण ह्यात तीन मिनिटं उघडं राहिल्याची नोंद नानांच्या वहीत आहे. दोष इंजिनिअरच्या खाती.

रात्री काजवे बघायला निघालो. तिथे टॉर्च लावायचे नसतात, उजेडाने काजवे बिचकतात, म्हणून एकामागून एक, हात धरून, अंधारात. नाना आले नाहीत. अंधारात पेटीजवळ कोणीतरी राहायला हवं होतं. आम्ही परत आलो तेव्हा सगळे त्या झाडांबद्दल एकाच वेळी बोलत होते, आणि नाना पेटीवर बसून होते. "कसे होते?" त्यांनी विचारलं. कोणी सांगायच्या आत मागून ओरडण्याचा आवाज आला. वरच्या मजल्यावरच्या काकूंचा पाय दगडात मुरगळला होता. घोटा बघता बघता सुजला.

कोणीतरी म्हणालं, "बर्फ!"

आणि सगळे नानांकडे बघायला लागले. मी हे अगदी जवळून पाहिलं. नानांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं. साडेनऊ. पुढची वेळ सकाळी आठची. त्यांच्या तोंडून शब्द फुटला तो एवढाच: "किती सुजलाय?"

"अहो!" वहिनी म्हणाल्या.

मग मात्र त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. स्वतः झाकण उघडलं, तळातला ठोकळा काढला, दगडावर आपटून फोडला, आपल्या धुतलेल्या रुमालात बांधला आणि काकूंच्या घोट्यावर स्वतः धरून बसले. मिनिटभर धरायचं, मिनिटभर सोडायचं, घड्याळ लावून. पेटी उघडीच राहिली. कोणीतरी त्या संधीत कोकम सरबत काढलं, मग ताक निघालं, पेले आले. आम्ही सगळे ते बर्फासारखं थंड सरबत पीत काकूंच्या भोवती बसलो होतो आणि नाना कुणाला काही बोलले नाहीत. एकदा फक्त, मान न वळवता, हळूच म्हणाले, "झाकण." पण त्यात जोर नव्हता.

वहीत तो ठोकळा 'वैद्यकीय' म्हणून लिहिला गेला.

पुण्याला परत आलो तेव्हा पार्किंगमध्येच, सामान उतरायच्या आधी, वजनकाटा आला. तीन दिवसांनंतर चार किलो सहाशे ग्रॅम बर्फ शिल्लक. नानांनी तो आकडा दोनदा वाचून दाखवला. त्याच्याखाली, तळाशी, न काढलेल्या बऱ्याच वस्तू निघाल्या: लोणी, काकड्या, दोन दिवसांच्या मागण्यांत कोणी न नोंदवलेला दह्याचा डबा, आणि फ्लॅट नंबर लिहिलेला एक ठोकळा, जो ठोकळा नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचं आम्रखंड. पोरांनी घरातून चमचे आणले. गाड्यांच्या मधे उभं राहून, घामेजलेल्या, धुळीने भरलेल्या अंगाने आम्ही ते खाल्लं, आणि नानांना पहिला चमचा दिला.

खाता खाता त्यांनी वही उघडली. गळतीचं मूळ त्यांना सापडलं होतं. एकाच पेटीत मुद्दल आणि चालू खातं दोन्ही ठेवलं, तिथे घोळ झाला. पाण्या-सरबतासाठी वेगळी, लहान पेटी हवी. ती कोणीही, केव्हाही, कितीही वेळा उघडावी. आणि मोठी कोणी उघडायची नाही.

"ती लहान कुठली घ्यायची हे ठरलंय का?" मी विचारलं.

"इतक्यात कसं ठरेल?" नाना चमचा चाटत म्हणाले. "सारखी उघडायची म्हणजे बिजागऱ्यांचा प्रश्न आला. रविवारी बोहरी आळीत जाऊ. तुमचा फोन आणा, माझ्या फोनचा टॉर्च मंद झालाय."